टेक्सासमधले खनिज हक्क वारशाने आले तर: तेल-वायूची रॉयल्टी नावावर करण्यापासून चेक तपासण्यापर्यंत

महाराष्ट्रात सातबाऱ्यावर नाव लागलं तरी जमिनीखालचं खनिज आपलं होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 ने ते राज्य सरकारकडे ठेवलं आहे. टेक्सासमध्ये याच्या उलट आहे. तिथे जमिनीखालचं तेल आणि वायू खाजगी माणसाच्या मालकीचं असू शकतं. ते विकता येतं, त्याची वाटणी होते, मृत्युपत्राने देता येतं आणि वरची जमीन विकून टाकली तरी खालचा हक्क स्वतःकडे राखता येतो. ह्यूस्टन-डॅलसकडे आयुष्य काढलेल्या आई-वडिलांकडून, अमेरिकी सासरकडून किंवा मूल नसलेल्या काकांकडून असे हक्क मराठी घरांतही येतात. वारसांना त्याचा पत्ता बहुधा एखाद्या कंपनीचं पाकीट आल्यावरच लागतो.

पाकिटातल्या कशावरही लगेच सही करू नका. या विषयातलं जवळजवळ प्रत्येक मोठं नुकसान आपल्याकडे काय आहे हे कळण्याआधी केलेल्या सहीतून होतं. पुढच्या पायऱ्या टेक्सासच्या कायद्याला धरून आहेत. दुसऱ्या राज्यांतले महत्त्वाचे फरक शेवटी दिले आहेत.

1. हातात नेमकं काय आलंय ते ओळखा

"तेलाचे हक्क" या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि चारही गोष्टींचे कागद दिसायला सारखेच असतात.

*खनिज मालकी.* पूर्ण हक्क. भाडेपट्टा, म्हणजे लीज, देण्याचा अधिकार तुमचा. लीज देताना मिळणारी एकरकमी बोनस रक्कम तुमची आणि विहीर लागली की रॉयल्टीही, म्हणजे उत्पादनातला ठरलेला वाटाही, तुमची.

*नुसती रॉयल्टी.* जुन्या डीडमध्ये, म्हणजे हस्तांतराच्या दस्तात, कुणीतरी फक्त उत्पन्नातला वाटा राखून ठेवलेला असतो. लीजवर सही करण्याचा अधिकार आणि बोनस दुसऱ्याकडे, तुमच्याकडे फक्त उत्पादनातला हिस्सा.

*ओव्हरराइडिंग रॉयल्टी.* हा वाटा कंपनीच्या लीजमधून कापून दिलेला असतो. ती लीज संपली की तोही संपतो. तेल कंपन्यांत काम केलेल्या भूगर्भतज्ज्ञांच्या आणि इंजिनियरांच्या घरी हा प्रकार जास्त सापडतो.

*वर्किंग इंटरेस्ट.* याच्यापासून सावध. हा विहिरीच्या धंद्यातला भागीदारीचा हिस्सा आहे. उत्पन्नाबरोबर खर्चाची बिलंही येतात आणि विहीर कायमची बुजवण्याच्या खर्चातही वाटा द्यावा लागतो. पाकिटात चेकऐवजी किंवा चेकबरोबर दरमहा खर्चाचं बिल येत असेल, तर वारसा स्वीकारण्याआधी वकिलाशी बोला. पहिल्या तिन्ही प्रकारांत विहीर खोदण्याचा किंवा बुजवण्याचा खर्च तुमच्यावर येत नाही.

2. घरातले कागद काढा

काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कार्यालयाकडे, जाण्याआधी घरातल्या फायली उघडा. शोधायचं ते असं:

- रॉयल्टी चेकचे स्टब, म्हणजे चेकसोबतचे हिशेबाचे कागद. त्यावर कंपनीचं नाव, मालक क्रमांक, लीजचं नाव आणि दशांश आकडा असतो.
- गेल्या काही वर्षांचे 1099-मिस्क फॉर्म, म्हणजे दिलेल्या पैशांची कंपनीने करासाठी केलेली नोंद. कोणत्या कंपन्या पैसे देत होत्या हे सर्वांत लवकर यातून कळतं.
- काउंटीची मालमत्ता कराची बिलं. टेक्सासमध्ये उत्पादन देणाऱ्या खनिज हक्कावर दरवर्षी स्थानिक कर लागतो. तो हिशेबाला स्वतंत्र मालमत्ता धरला जातो, घराच्या बिलात येत नाही.
- जुन्या लीज, डीड, मृत्युपत्रं आणि "तुमचे हक्क विकत घेऊ" अशी पत्रं. टाकाऊ वाटणाऱ्या या पत्रांतही काउंटीचं नाव आणि जमिनीचं वर्णन असतं, तेव्हा तीही ठेवा.

मालमत्ता कराच्या बिलाबद्दल एक गैरसमज दूर करून घ्या. बिल आलं नाही म्हणजे हक्क नाहीत असं नव्हे. विहीर नसलेल्या हक्कांवर सहसा कर आकारलाच जात नाही आणि 500 डॉलरपेक्षा कमी करपात्र मूल्याच्या खनिज हक्काला सूट आहे. पन्नास वर्षं एकही कागद न आलेली मालकीही शाबूत असू शकते.

3. काउंटीच्या दप्तरात मालकी शोधा

सातबाऱ्याची सवय इथे दिशाभूल करते. टेक्सासमध्ये सरकारने तयार केलेला, आजचा मालक दाखवणारा एकही उतारा नाही. काउंटी क्लार्कच्या कार्यालयात डीडची बाडं असतात आणि देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या नावांची सूची असते. मालकी त्या साखळीतून आपण जुळवायची.

आधी जमिनीचं कायदेशीर वर्णन मिळवा. टेक्सासमध्ये ते सर्व्हे, ब्लॉक, सेक्शन आणि ॲब्स्ट्रॅक्ट क्रमांक या रूपात असतं. पूर्ण सेक्शन साधारण 640 एकरांचा धरतात. मग आजोबांचं किंवा वडिलांचं नाव घेणाऱ्यांच्या सूचीत शोधा: हक्क त्यांच्याकडे कधी आला? त्यानंतर तेच नाव देणाऱ्यांच्या सूचीत शोधा: त्यांनी त्यातलं काही विकलं का, काही राखून ठेवलं का? बऱ्याच काउंट्यांची दप्तरं ऑनलाइन आहेत. टेक्सासफाइलसारख्या सेवा पानामागे पैसे घेऊन प्रत देतात.

जुन्या डीडमधल्या अपूर्णांकांपाशी थांबा. 1920च्या दशकातल्या डीडमध्ये "एक अष्टमांशाचा अर्धा" अशी भाषा सर्रास आढळते. गुणाकार केला तर 1/16 येतो. पण त्या काळी रॉयल्टी सगळीकडे 1/8 च असायची आणि लोक "एक अष्टमांश" म्हणताना पूर्ण खनिज मालकीच समजत. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये व्हॅन डाइक विरुद्ध नॅवारो या खटल्यात 1924 च्या अशाच एका डीडचा अर्थ लावला आणि त्या शब्दांतून खनिजांचा अर्धा हिस्सा राखला गेला असं ठरवलं. 1/16 आणि 1/2 यांत आठपट फरक आहे. तुमच्या साखळीत असा दुहेरी अपूर्णांक निघाला, तर तेल-वायूचं काम करणाऱ्या वकिलाकडे तो कागद न्यायलाच हवा.

जमिनीवर विहीर आहे का हे पाहायला टेक्सास रेलरोड कमिशनचा नकाशा मोफत आहे. नाव रेल्वेचं असलं तरी राज्यातल्या तेल-वायूचं नियमन हेच कमिशन करतं. नकाशावर प्रत्येक विहिरीचा एपीआय क्रमांक दिसतो. टेक्सासमधला तो 42 ने सुरू होतो, पुढचे तीन अंक काउंटीचे. तो टिपून ठेवा, कंपनीशी बोलताना नावापेक्षा हा क्रमांक भरवशाचा. कमिशन उत्पादनाचे आकडे देतं, पण रॉयल्टीच्या भांडणात पडत नाही. ती तक्रार तिथे नेऊन उपयोग नाही.

4. हक्क वारसांच्या नावावर करून घ्या

खनिज हक्क ही स्थावर मालमत्ता आहे. म्हणून मृत व्यक्ती कुठेही राहत असली तरी टेक्सासमधल्या हक्कांना टेक्सासचाच कायदा लागतो. न्यू जर्सीत प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, पूर्ण झालं म्हणून टेक्सासमधला हक्क आपोआप नावावर होत नाही. मार्ग साधारण असे:

*दुसऱ्या राज्यात मृत्युपत्राचं प्रोबेट झालं असेल,* तर त्या आदेशाची आणि मृत्युपत्राची तिथल्या न्यायालयाने प्रमाणित केलेली प्रत टेक्सासच्या त्या काउंटीत नोंदवता येते. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

*मृत्युपत्र आहे पण प्रोबेट झालेलं नाही आणि कर्ज शिल्लक नाही,* तर टेक्सासमध्ये "म्युनिमेंट ऑफ टायटल" ही सोपी वाट आहे. प्रशासक नेमावा लागत नाही, न्यायालयाचा आदेशच मालकीचा पुरावा ठरतो. मृत्यूपासून 4 वर्षांच्या आत मृत्युपत्र न्यायालयात न्यायचं हा सर्वसाधारण नियम आहे. मुदत उलटली तर वाट अवघड होते, म्हणून "सावकाश बघू" म्हणू नका.

*मृत्युपत्रच नाही,* तर वारसाचं प्रतिज्ञापत्र करतात. कुटुंब ओळखणारे पण वारशात हितसंबंध नसलेले दोन साक्षीदार शपथेवर सांगतात की मृत व्यक्तीचे विवाह किती, मुलं कोण, हयात कोण. हे प्रतिज्ञापत्र काउंटीत नोंदवायचं. 5 वर्षं नोंदीत राहिलं की न्यायालय त्यातला मजकूर सकृद्दर्शनी पुरावा मानतं. बऱ्याच कंपन्या त्याआधीच ते स्वीकारून पैसे सुरू करतात. रक्कम मोठी असेल तर काही कंपन्या न्यायालयाचा आदेश मागतात.

मृत्युपत्र नसताना वाटणी कशी होते हेही नीट समजून घ्या. वारशाने आलेला हक्क ही त्या व्यक्तीची स्वतंत्र मालमत्ता धरली जाते. पती किंवा पत्नी आणि मुलं मागे असतील, तर टेक्सासमध्ये जोडीदाराला अशा स्थावर मालमत्तेच्या एक तृतीयांशाचा फक्त हयातीपुरता उपभोग मिळतो, मालकी मुलांकडे जाते. "सगळं आईच्या नावावर होईल" हे गृहीत धरून भरलेले फॉर्म याच कारणाने परत येतात.

आता मराठी घरांना हमखास अडवणारी गोष्ट: नावं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, कधी पहिलं नावही बदलतं. वडिलांचं नाव मधे येतं, पासपोर्टवर ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, नागरिकत्व घेताना कधी गळतं. आडनावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारचं असतं. कंपनीचा मालकी तपासणारा माणूस हे सगळं वेगवेगळ्या व्यक्ती म्हणूनच वाचतो आणि पैसे रोखले जातात. म्हणून वारसाच्या प्रतिज्ञापत्रातच नावाची सगळी रूपं लिहा आणि "ही सर्व नावं एकाच व्यक्तीची" असं स्पष्ट विधान घाला. सोबत विवाह प्रमाणपत्र, नाव बदलल्याचं राजपत्र किंवा नागरिकत्वाचा कागद जोडा. भारतात केलेल्या कागदाला नोटरीनंतर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागेल. मराठीतल्या दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्या.

काउंटीत नोंद झाली की प्रत्येक कंपनीला वेगळं कळवावं लागतं. एक कंपनी दुसरीला सांगत नाही. कधी चेक विहीर चालवणारी कंपनी देते, कधी तेल विकत घेणारी. पाठवायचं पाकीट असं:

- मृत्यूचा दाखला
- नोंदवलेल्या आदेशाची किंवा प्रतिज्ञापत्राची प्रत, बाड आणि पान क्रमांकासह
- जुना मालक क्रमांक आणि लीजची नावं
- प्रत्येक वारसाचा पत्ता आणि डब्ल्यू-9 हा करक्रमांक कळवणारा फॉर्म (वारस भारतात राहत असेल तर पायरी 11 पाहा)
- बँकेत थेट जमा हवं असल्यास कंपनीचा त्यासाठीचा फॉर्म

हे चालू असताना रॉयल्टी "सस्पेन्स"मध्ये जाते. पैसे बुडत नाहीत, कंपनीच्या हिशेबात साठून राहतात आणि नाव लागल्यावर एकदम मिळतात. मृत व्यक्तीच्या नावाने आलेला चेक मात्र तिच्या जुन्या खात्यात भरू नका.

5. दशांश आकडा स्वतः काढा

रॉयल्टीचा सगळा हिशेब एका आकड्यावर चालतो. कंपनीने दिलेला दशांश बरोबर आहे हे गृहीत धरू नका. कागद-पेन घेऊन काढा.

समजा आजोबांकडे 160 एकरांतले निम्मे खनिज हक्क होते. म्हणजे 80 निव्वळ खनिज एकर. चार मुलांत वाटणी झाली: प्रत्येकी 20. त्यातल्या एका मुलाचे वारस तुम्ही दोघं भावंडं: प्रत्येकी 10. लीजमधली रॉयल्टी 1/4 आणि जमीन 640 एकरांच्या युनिटमध्ये, म्हणजे उत्पादनासाठी एकत्र केलेल्या जमिनींच्या गटात, घातलेली आहे.

10 ÷ 640 × 0.25 = 0.00390625

हाच तुमचा दशांश. कंपनीचा आकडा वेगळा आला तर कारण बहुधा या चारपैकी एक असतं: युनिटचे एकर तुम्ही धरले त्याहून वेगळे आहेत, लीजमधली रॉयल्टी 1/4 नसून 1/5 किंवा 3/16 आहे, साखळीतल्या कुणीतरी आधीच काही रॉयल्टी विकली आहे, किंवा एखादा वारस गाळला वा दोनदा मोजला आहे. कंपनीला लेखी विचारा: युनिटचे एकर किती धरले, माझे निव्वळ एकर किती, रॉयल्टीचा दर कोणत्या लीजमधून घेतला, युनिट जाहीर केल्याची नोंद कुठल्या पानावर आहे.

आडव्या विहिरींमुळे हा हिशेब किचकट होतो. मिडलंड किंवा रीव्हज काउंटीत जमिनीखाली दोन मैल आडवी जाणारी विहीर नेहमीची आहे. ती अनेकांच्या जमिनीखालून जाते आणि कधी युनिट न करता तुमच्या जमिनीखालून गेलेल्या लांबीच्या प्रमाणात वाटा दिला जातो. तेव्हा एकरांऐवजी फुटांचा भागाकार येतो. विहिरीचा नकाशा मागून घ्या, त्यावर प्रत्येक जमिनीखालची लांबी लिहिलेली असते.

6. डिव्हिजन ऑर्डरवर सही करताना

डिव्हिजन ऑर्डर म्हणजे "माझा हिस्सा एवढा आहे, त्याप्रमाणे पैसे द्या" असं कंपनीला लिहून देणं. टेक्सासच्या कायद्यानुसार कंपनी सही होईपर्यंत पैसे रोखू शकते, म्हणून ती टाळता येत नाही. पण त्याच कायद्यात डिव्हिजन ऑर्डरचा नमुना दिलेला आहे. कंपनीच्या कागदात त्यापलीकडचं काही घुसवलं असेल, उदाहरणार्थ लीज दुरुस्त करणारं, युनिट मान्य करून घेणारं किंवा खर्चकपातीला संमती देणारं वाक्य, तर ते खोडून, शेजारी आद्याक्षरं घालून परत पाठवा.

दशांश चुकीचा कमी असेल आणि तुम्ही सही केली, तर ती रद्द करेपर्यंत बंधनकारक राहते. त्या काळातली तूट वसूल करणं अवघड जातं. रद्द करायला 30 दिवसांची लेखी सूचना पुरते.

पैसे कधी यायला हवेत? पहिलं तेल विकलं गेलं तो महिना संपल्यापासून 120 दिवसांत पहिली रक्कम. त्यानंतर तेलाची विक्रीचा महिना संपल्यापासून 60 दिवसांत, वायूची 90 दिवसांत. देणं 100 डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर कंपनी वर्षातून एकदा देऊ शकते. त्यामुळे लहान हिश्श्याच्या वारसांनी दोन-चार महिने चेक आला नाही म्हणून घाबरू नये.

7. चेकचा स्टब ओळीओळीने वाचा

वरचाच दशांश घेऊन एक महिना बघू. विहिरीने 12,000 बॅरल तेल विकलं, दर 70 डॉलर:

- एकूण विक्री: 8,40,000 डॉलर
- तुमचा ढोबळ वाटा: 8,40,000 × 0.00390625 = 3,281.25
- राज्याचा उत्पादन कर, तेलावर 4.6 टक्के: 150.94
- निव्वळ: 3,130.31

आता वायूची ओळ. 30,000 एमसीएफ, म्हणजे तीन कोटी घनफूट, दर 2 डॉलर. एकूण 60,000, तुमचा वाटा 234.38. टेक्सासमध्ये वायूवरचा कर 7.5 टक्के. त्याखाली "गोळा करणं", "दाबणं", "प्रक्रिया", "वाहतूक" अशी कपात दिसेल. ती एमसीएफमागे 80 सेंट असेल तर तुमच्या वाट्यातून 93.75 डॉलर जातात, म्हणजे वायूच्या ढोबळ वाट्यातले 40 टक्के. लीजमध्ये अशी कपात चालते की नाही हे आठव्या पायरीत पाहू.

तपासणीची पद्धत साधी आहे. स्टबवरचे एकूण बॅरल रेलरोड कमिशनच्या त्याच लीजच्या त्याच महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहा. टाकीतला साठा आणि विक्रीची तारीख यांमुळे थोडा फरक चालतो. सलग तीन-चार महिने मोठी तफावत दिसली तर लेखी विचारा. कमिशनकडे तेलाचं उत्पादन विहिरीगणिक नव्हे तर लीजगणिक नोंदतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर आकडे कधीच जुळणार नाहीत. थकबाकीच्या दाव्याला टेक्सासमध्ये साधारण 4 वर्षांची मुदत असते. स्टब फेकू नका.

पहिल्या चेकवर घर घेऊ नका. त्यात बहुधा अनेक महिन्यांचे पैसे एकत्र आलेले असतात आणि शेल खडकातल्या आडव्या विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येणं हे नेहमीचं आहे.

8. जुनी लीज जिवंत आहे का, आणि नवी आली तर

आजोबांनी 1/8 रॉयल्टीने दिलेली लीज आजही चालू असू शकते. लीजची मूळ मुदत साधारण 3 वर्षं, पण "किफायतशीर प्रमाणात उत्पादन होत राहील तोवर" ती पुढे चालते. एक म्हातारी विहीर रोज थोडं तेल देत राहिली तरी सगळी जमीन जुन्याच दराने अडकून राहते. कमिशनच्या नोंदीत कित्येक महिने शून्य उत्पादन दिसत असेल, तर वकिलाला लीज दाखवा. उत्पादन थांबल्यावर 60 किंवा 90 दिवसांत काम सुरू केलं नाही तर लीज संपते असं कलम त्यात असतं. ती संपलेली निघाली तर नव्या दराने पुन्हा देता येते.

नवी लीज घेऊन येणारा माणूस पहिला मसुदा कंपनीच्या सोयीचा देतो. तो मसुदा बदलता येतो, आणि बदलून मागणं रीतीला धरूनच आहे. चांगल्या तेलाच्या काउंट्यांत 1/4 रॉयल्टी मिळते. बोनस निव्वळ एकरावर ठरतो. पुढच्या कलमांसाठी अडून बसा:

- वापरात नसलेली जमीन मूळ मुदतीनंतर सुटेल असं पग कलम, आडव्या हद्दीत आणि खोलीतही. खोलीचं कलम नसेल तर वरच्या थरातल्या एका विहिरीने खालचे सगळे थर अडकतात.
- विहीर बंद ठेवून नाममात्र रक्कम भरत लीज जिवंत ठेवण्यावर वर्षांची मर्यादा.
- मालकीची हमी तुमच्याकडून नको.
- बोनस बँक ड्राफ्टने नको. या धंद्यातला ड्राफ्ट म्हणजे मालकी तपासून झाल्यावर, मनात आलं तर वटणारा कागद. तोवर तुमची सही केलेली लीज त्यांच्या हातात असते.

खर्चकपातीच्या कलमावर सर्वांत जास्त वेळ द्या. "रॉयल्टीतून कोणतीही कपात करू नये" एवढं वाक्य पुरत नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हेरिटेज रिसोर्सेस विरुद्ध नेशन्सबँक या खटल्यात निकाल दिला की रॉयल्टी "विहिरीपाशी असलेल्या बाजारभावाने" ठरली असेल, तर कपात नको म्हणणारं वाक्य निष्प्रभ ठरतं, कारण विहिरीपाशी भाव काढताना पुढचे खर्च वजा होणारच. म्हणून रॉयल्टीच्या मूळ कलमातच "विहिरीपाशी" हे शब्द नसावेत. त्रयस्थ ग्राहकाला झालेल्या विक्रीच्या ढोबळ रकमेवर रॉयल्टी, असं तिथेच लिहून घ्या.

9. "आम्ही विकत घेतो" अशी पत्रं

अचानक तीन-चार खरेदीदारांची पत्रं एकाच महिन्यात आली, तर ती योगायोगाने येत नाहीत. विहीर खोदण्याचे परवाने सार्वजनिक असतात आणि खरेदीदार ते रोज वाचतात. तुम्हीही कमिशनच्या संकेतस्थळावर तुमच्या सर्व्हेतले परवाने बघा. परवाना निघाल्यावर आणि चेक सुरू होण्याआधी विकणं हा विक्रेत्यासाठी बहुधा सर्वांत वाईट काळ असतो.

काही पत्रांत छापील चेक असतो आणि मागच्या बाजूला किंवा सोबतच्या पानावर विक्रीची अट. असा चेक भरू नका. शीर्षकावर "लीज" लिहिलेलं असून आतल्या मजकुरात कायमचं हस्तांतर असलेले कागदही फिरतात. शीर्षक सोडा, "देणारा कायमचा देत आहे" या अर्थाचं वाक्य आत आहे का ते शोधा. आणखी एक सापळा: एका जमिनीचा सौदा ठरतो, पण डीडमध्ये "या काउंटीतले देणाऱ्याचे सर्व हक्क" असं असतं. न सापडलेले हक्कही त्यात जातात.

विकायचंच असेल तर किमान तीन प्रस्ताव घ्या, निम्मे हक्क विकून निम्मे ठेवता येतात हे विसरू नका, आणि पैसे खात्यात आल्यावरच डीड द्या.

10. कर

1099-मिस्कमध्ये रॉयल्टीचा ढोबळ आकडा असतो, तुमच्या हातात आलेला नव्हे. अमेरिकी विवरणपत्राच्या शेड्यूल ई वर ढोबळ रक्कम दाखवून उत्पादन कर, कंपनीने केलेली कपात आणि काउंटीचा मालमत्ता कर वजा करा. त्याशिवाय तेल संपत जातं म्हणून ढोबळ रॉयल्टीच्या 15 टक्के डिप्लीशन वजावट मिळते. सामान्य कर सल्लागार ही वजावट चुकवतात, तेव्हा स्वतः विचारा. बोनसवर ती मिळत नाही.

मृत्यूच्या दिवशीचं बाजारमूल्य हीच वारसाची खरेदी किंमत धरली जाते. त्याच वर्षी पेट्रोलियम इंजिनियरकडून मूल्यांकन करून घ्या. दहा वर्षांनी विकताना ते मागे जाऊन करणं महाग आणि वादाचं होतं.

काउंटीचा कर 31 जानेवारीपर्यंत भरायचा. बिल जुन्या पत्त्यावर जात असेल तर काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात पत्ता बदला.

11. वारस भारतात राहत असेल तर

अमेरिकी नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या वारसाने डब्ल्यू-9 भरू नये. डब्ल्यू-8बेन हा परदेशी व्यक्तीसाठीचा फॉर्म भरल्यावर ढोबळ रॉयल्टीवर 30 टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करारातला रॉयल्टीचा सवलतीचा दर इथे चालत नाही, कारण खनिजांची रॉयल्टी स्थावर मालमत्तेचं उत्पन्न धरली जाते. दुसरा पर्याय म्हणजे हे उत्पन्न निव्वळ तत्त्वावर, म्हणजे खर्च वजा करून, कराला आणण्याची निवड करून अमेरिकेत 1040-एनआर विवरणपत्र भरणं. वजावटी मोठ्या असतील तर हाच फायद्याचा ठरतो, पण त्याला आयटिन हा अमेरिकी करदात्याचा क्रमांक लागतो. हक्क विकले तर विक्रीच्या रकमेतून 15 टक्के आगाऊ कर कापला जातो.

भारतातल्या निवासी वारसाने ही मालमत्ता आणि तिचं उत्पन्न आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवायलाच हवं, रक्कम लहान असली तरी. अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट मागता येते. परदेशी उत्पन्नाचं काम केलेला सीए शोधा.

12. हरवलेले पैसे आणि दुसरी राज्यं

मालक सापडत नसेल तर टेक्सासमध्ये 3 वर्षांनी खनिजाचे पैसे राज्याच्या कॉम्प्ट्रोलरकडे जातात. तिथल्या दावा न केलेल्या मालमत्तेच्या यादीत मृत व्यक्तीचं नाव सगळ्या स्पेलिंगने शोधा. दावा करायला फी नाही, म्हणून टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. मालक बेपत्ता असताना न्यायालय त्याच्या वतीने लीज देण्यासाठी रिसीव्हरही नेमू शकतं. तेव्हा काउंटीच्या जिल्हा न्यायालयातही नाव शोधा.

ओक्लाहोमात लीज न दिलेल्या मालकाला सक्तीने युनिटमध्ये घेता येतं. आदेश निघाल्यावर पर्याय निवडायला बहुधा 20 दिवसच मिळतात, म्हणून तिथल्या कॉर्पोरेशन कमिशनचं पाकीट आलं की त्याच दिवशी उघडा. लुइझियानात 10 वर्षं वापर न झालेला वेगळा काढलेला खनिज हक्क संपतो. नॉर्थ डकोटात आणि ओहायोत 20 वर्षं वापर नसेल तर वरच्या जमिनीचा मालक तो हक्क स्वतःकडे घेण्याची प्रक्रिया सुरू करू शकतो. नॉर्थ डकोटात किंवा ओहायोत हक्क असतील तर काउंटीत आपला दावा नोंदवून ठेवा, आणि पुढची 20 वर्षं संपण्याआधीची तारीख मुलांनाही सांगून ठेवा.